सेन्सर बसवा, पण रस्ता बंद कोण करणार तेही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूल पडला की दुसऱ्या दिवशी ‘स्ट्रक्चरल ऑडिट करा’ ही मागणी येते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल पुरात गेला तेव्हा ती आली. १४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल कोसळला तेव्हा आली आणि १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत पडला तेव्हाही आली. हल्ली या मागणीला एक नवी जोड मिळाली आहे. पुलाला सेन्सर लावा, ‘स्मार्ट मटेरियल’ वापरा, म्हणजे आत काही बिघडलं की पूल स्वतःच कळवेल, असं चहाच्या टपरीपासून सभांमधल्या भाषणांपर्यंत ऐकू येतं. माझा या मागणीला मनापासून पाठिंबा आहे. मात्र ती अर्धीच मान्य झाली तर पैसाही जाईल आणि माणसंही जातील. म्हणून राहिलेली अर्धी मागणी आपल्या दैनिकातून मांडू इच्छिते.

माझी सगळी नोकरी न दिसणारी हानी शोधण्यात गेली. आमच्या कामाला एनडीटी म्हणतात, म्हणजे वस्तू न कापता, न फोडता आतून तपासायची. सुरुवातीला वेल्डिंगचे जोड तपासले, नंतर बरीच वर्षं कार्बन फायबर आणि काचतंतूचे कंपोझिट भाग. अशा वस्तूंशी आपल्या नागपूरचा संबंध आहे, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसतं. बोइंग ७८७ ड्रीमलायनर हे विमान वजनाने जवळपास अर्धं कंपोझिटचं आहे आणि त्याच्या केबिनच्या फरशीखालचे कार्बन कंपोझिटचे बीम आपल्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात तयार झाले आहेत. म्हणजे पुलाच्या निमित्ताने मी जे सांगते आहे ते परदेशातल्या प्रयोगशाळेतलं नवल नव्हे. ही विद्या वर्धा रोडवर येऊन बरीच वर्षं झाली.

कंपोझिट म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. कार्बनचे केसाहून बारीक तंतू इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवलेले असतात, त्याच्या चादरी मिळतात. त्या उणे १८ अंशांवर फ्रीजरमध्ये ठेवतात, कापून साच्यावर एकावर एक रचतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये उष्णता व दाब देऊन पक्क्या करतात. तयार झालेला भाग पोलादापेक्षा कितीतरी हलका आणि ताकदीला जबरदस्त. पण त्याचा एक स्वभाव आहे. लोखंडी पत्र्यावर पाना पडला तर पोचा येतो, तो बोटाला लागतो, डोळ्यांना दिसतो. कार्बनच्या पॅनेलवर तोच पाना पडला तर वरच्या बाजूला बहुधा काहीच दिसत नाही. आतल्या आत मात्र थर एकमेकांपासून सुटतात आणि ही सूट खाली जाईल तशी रुंद होत जाते. म्हणजे पाठीमागची बाजू सर्वांत जास्त बिघडलेली आणि समोरची चकचकीत. असा भाग ओढला तर बराच टिकतो. दाबाखाली आला की सुटलेले थर बाहेर फुगतात आणि मग भाग दगा देतो.

हे शोधायचं कसं? सर्वांत जुनी पद्धत टॅप टेस्टची. छोट्या हातोडीने किंवा नाण्याने पृष्ठभागावर ओळीने टकटक करत जायचं आणि कान देऊन ऐकायचं. उन्हाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेला माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, अगदी तसंच. धड जागी खणखणीत आवाज येतो, थर सुटलेल्या जागी तो बसका, मेलेला येतो. कान तयार व्हायला वर्षं लागतात आणि शेजारी कॉम्प्रेसर सुरू असेल तर तयार कानही कामाचा राहत नाही. दुसरी पद्धत अल्ट्रासाउंडची. पृष्ठभागावर जेल लावायचं, प्रोब फिरवायचा आणि पडद्यावर पाहायचं. आवाजाची लहर आत जाते, पाठीमागच्या पृष्ठभागावर आपटून परत येते आणि पडद्यावर शेवटी एक उंच टोक दिसतं. मध्येच थर सुटलेला असेल तर लहर तिथूनच परत फिरते. शेवटचं टोक खाली बसतं आणि त्याच्या अलीकडे, जिथे काही असायला नको तिथे, नवं टोक उभं राहतं. ते दिसलं की पोटात धस्स व्हायचं. नोकरीच्या शेवटच्या वर्षापर्यंत व्हायचं.

या दोन्ही पद्धती चांगल्याच आहेत, पण दोन्हींना माणूस लागतो आणि तो त्या दिवशी, त्याच जागी असावा लागतो. ६ मार्च २००५ ला क्यूबातल्या वारादेरोहून क्वेबेकला निघालेल्या एअर ट्रान्साटच्या ए-३१० विमानाचा कंपोझिटचा रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, हवेतच तुटून गेला. वैमानिकांनी विमान कसंबसं परत आणून उतरवलं, सगळे वाचले. कॅनडाच्या तपास मंडळाने त्या तपासात सांगितलं, की नजरेने पाहणं आणि टकटक करून ऐकणं अशा तेव्हाच्या तपासण्या आत वाढत जाणारी सूट वेळेत पकडायला पुरेशा नसतील. ज्या पद्धतीवर मी आयुष्य काढलं तिच्याबद्दलच हे लिहिलेलं होतं. मला ते पटलं.

पटण्यामागे माझं स्वतःचं एक कारणही होतं. एका कारखान्यात रात्रपाळीच्या एका हेल्परच्या हातून पाना पॅनेलवर पडला. ओरखडासुद्धा उठला नव्हता. तो पोरगा सरळ सुपरवायझरकडे गेला आणि म्हणाला, ‘साहेब, माझ्या हातून पडला, एकदा पाहून घ्या.’ सकाळी मी प्रोब फिरवला तर तळहाताएवढ्या जागेत शेवटचं टोक गायब. पॅनेलला लाल टॅग लागला, ते बाद झालं. त्या भागावर पुढे ज्यांचे जीव अवलंबून राहिले असते त्यांना त्या पोराने वाचवलं, असं मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. महिनाअखेरीला त्याच्या पगारातून रक्कम कापली गेली. मी लेखी विरोध केला, उपयोग झाला नाही. त्यानंतर त्या शॉपच्या रजिस्टरमध्ये काही पडल्याची नोंद मला दिसली नाही. हातातून वस्तू पडायच्या थांबत नसतात. सांगायची हिंमत संपली होती.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. विमानाची, पुलाची, बसच्या गॅसटाकीची सुरक्षितता सगळ्यांत कमी पगाराच्या माणसाच्या धैर्यावर टांगलेली राहू नये. तिथे मटेरियलनेच तोंड उघडावं. ते आता शक्य झालं आहे, आणि कसं ते सांगितल्याशिवाय माझी पुढची मागणी कळायची नाही.

कार्बनचा तंतू वीज वाहतो, रेझिन वाहत नाही. त्यामुळे कार्बन कंपोझिटमध्ये सेन्सर वेगळा घालायचीही गरज नसते, तंतू स्वतःच तार होतो. भागाच्या दोन टोकांना इलेक्ट्रोड लावून रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजत राहिलं की काही तंतू तुटताच रोध वाढलेला दिसतो. जाडीच्या दिशेने मोजलं तर थर सुटल्याचंही कळतं, कारण वरच्या-खालच्या थरांतले तंतू जिथे एकमेकांना टेकलेले असतात ते स्पर्शच नाहीसे होतात. शुल्टे आणि बॅरन यांनी १९८९ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. काचतंतू वीज वाहत नाही, म्हणून तिथे रेझिनमध्ये कार्बनच्या नॅनोनळ्या मिसळतात. वजनाने एक टक्क्याहूनही कमी पुरतात, कारण त्यांचं अखंड जाळं तयार झालं की वीज वाट काढते. थॉस्टेन्सन आणि चौ यांनी २००६ मध्ये हे जाळं वापरून काचतंतूच्या कंपोझिटमधली तडे जाण्याची प्रक्रिया टिपली.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी. भागावर भार आला की रोध वाढतो, भार गेला की मूळ जागी येतो. हे रोजचं आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण भार काढल्यावरही रोध पूर्वीच्या आकड्यावर परतला नाही, थोडा वरच राहिला, तर ती उरलेली वाढ म्हणजे आत झालेली कायमची हानी. पाहायचं असतं ते हे ‘न परतणं’. नुसता आलेख वरखाली नाचताना दाखवणारे पडदे मी प्रदर्शनांत खूप पाहिले. तो आलेख रिकाम्या वेळी कुठे येऊन थांबतो, हा प्रश्न तिथे कोणी विचारताना दिसत नाही.

पूल कार्बनचे नसतात, काँक्रीटचे असतात, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण काँक्रीटही कंपोझिटच आहे आणि तेही ही भाषा शिकलं आहे. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात डेबोरा चुंग यांनी १९९३ मध्ये चेन यांच्यासोबत दाखवून दिलं, की सिमेंटमध्ये कार्बनचे आखूड तंतू मिसळले तर त्या काँक्रीटचा रोध भाराप्रमाणे आणि तड्यांप्रमाणे बदलतो. तंतू काही मिलिमीटर लांबीचे आणि प्रमाण अगदी थोडं. तडा रुंदावला की तंतू सिमेंटमधून किंचित सरकतात, स्पर्श बिघडतो, रोध वाढतो. याशिवाय काचेच्या प्रकाशतंतूचा मार्ग आहे. कॅनडात केन हिल यांनी १९७८ मध्ये तंतूच्या गाभ्यात प्रकाशाची एकच ठरावीक तरंगलांबी परत पाठवणारी जाळी तयार केली. तंतू ताणला की ती तरंगलांबी सरकते. १२५ मायक्रॉन जाडीच्या अशा एकाच तंतूवर ठिकठिकाणी अनेक जाळ्या घालता येतात, त्या गंजत नाहीत आणि विजेच्या तारांच्या शेजारीही बिघडत नाहीत. मेट्रोच्या पुलावर ही फार मोठी सोय आहे.

आता नागपूरबद्दल. जे इथे राहत नाहीत त्यांना या मुद्द्याचं वजन कळणार नाही. प्रकाशतंतूची ती जाळी ताणाने सरकते तशीच तापमानानेही सरकते. ताण दहा लाखात एक भाग वाढला, म्हणजे एक मायक्रोस्ट्रेन, तर १५५० नॅनोमीटरच्या आसपास ती सुमारे १.२ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) सरकते. तापमान एक अंशाने वाढलं तर सुमारे १० पिकोमीटर. जानेवारीतल्या पहाटेचे १० अंश आणि नवतपातल्या दुपारचे ४५ अंश धरले तर नुसत्या उन्हाने ही जाळी साडेतीनशे पिकोमीटर सरकणार. ते सुमारे २९० मायक्रोस्ट्रेनच्या बरोबरीचं झालं. काँक्रीट ताणाखाली साधारण १०० ते १५० मायक्रोस्ट्रेनला तडकतं. म्हणजे तापमानाचा हिशेब वेगळा काढला नाही तर आपल्या शहराचा उन्हाळा प्रत्यक्ष तड्यापेक्षा दुप्पट मोठा दिसेल. मग एकतर मे महिन्यात रोज खोटा गजर होईल आणि ऑपरेटर तो बंद करून ठेवेल, किंवा खरा तडा उन्हात लपून जाईल. यावर उपाय आहे, अवघड नाही. प्रत्येक ठिकाणी ताण न येणारी एक मोकळी जाळी फक्त तापमानासाठी बसवायची आणि तिचं वाचन वजा करायचं. काँक्रीट स्वतः तापून फुगतं, अंशामागे साधारण १० मायक्रोस्ट्रेन, त्याचाही हिशेब लागतो. कार्बनतंतूच्या काँक्रीटला तर वर पावसाळा आहेच, कारण ओल बदलली की त्याचा रोध बदलतो. सांगायचं इतकंच, की युरोपातल्या थंड हवेत ठरलेल्या मर्यादा उचलून इथे लावता येणार नाहीत. या शहराच्या हवेत किमान एक पूर्ण वर्ष, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा धरून, निरोगी पुलाची नोंद आधी घ्यावी लागेल. नवा पूल वाहतुकीला खुला होतो तेव्हाच ती सुरू व्हायला हवी. पूल जुना झाल्यावर, संशय आल्यावर सेन्सर चिकटवले तर तुलना करायची कशाशी?

मर्यादाही स्पष्ट सांगते. मटेरियलला स्वतःमधलं कळतं, पायाखालची माती गेलेली कळत नाही. नदीवरच्या पुलांना पुराने पायाजवळची माती खरवडली जाण्याचा मोठा धोका असतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने काय केलं ते आपण पाहिलं. अशा ठिकाणी पायाची खोली मोजणारी वेगळी साधनं लागतात, तिथे कार्बनतंतूचं कितीही हुशार काँक्रीट घाला, ते गप्पच राहील. जुन्या दगडी पुलांच्या आतही आता काही घालता येणार नाही. तिथे बाहेरून उपकरणं बसवता येतील आणि डोळे, हातोडी, प्रोब घेऊन जाणारा माणूस लागेलच. स्वतःची जखम स्वतः भरून काढणाऱ्या पॉलिमरविषयी, २००१ मध्ये इलिनॉयमध्ये झालेल्या, तडा गेला की फुटून आतला द्रव सोडणाऱ्या सूक्ष्म कुप्यांच्या प्रयोगांविषयी मला विचारतात. सुंदर काम आहे, पण आपल्या उड्डाणपुलांसाठी आज त्याची वाट पाहत बसू नये.

आता मुख्य मुद्दा. १८ जून २०२३ ला टायटॅनिकचे अवशेष पाहायला गेलेली ‘टायटन’ ही पाणबुडी उत्तर अटलांटिकमध्ये चिरडली गेली आणि आतले पाचही जण गेले. त्यात ती बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुखही होता. तिचं दंडगोल शरीर सुमारे पाच इंच जाडीच्या कार्बन कंपोझिटचं होतं. आणि त्या शरीरावर आवाज टिपणारे सेन्सर होते, ताण मोजणारे स्ट्रेन गेज होते. स्वतःची हानी कळवणारी रचना म्हणूनच तिचा गवगवा केला होता. आदल्या वर्षी, जुलै २०२२ मधल्या एका फेरीत वर येताना मोठा धडाका ऐकू आला. त्यानंतरच्या फेऱ्यांत स्ट्रेन गेजचं वागणं बदलल्याचं नोंदींमध्ये उतरलं होतं. अमेरिकन चौकशीत हे सगळं पुढे आलं, तो धडाका थर सुटल्याचाच होता असा निष्कर्षही निघाला. पाणबुडी मात्र वापरात राहिली. मी ते अहवालातले उतारे वाचले तेव्हा मला त्या रात्रपाळीच्या पोराची आठवण झाली. मटेरियलने त्याच्याइतक्याच सरळपणे सांगितलं होतं. मटेरियलचा पगार कोणी कापू शकत नव्हतं, त्याला कोणी गप्प करू शकत नव्हतं. तरी ऐकणारा बांधील नव्हता.

आपल्याकडेही हेच आहे. सीएसएमटीजवळच्या त्या पादचारी पुलाचं ऑडिट झालं होतं आणि त्यात किरकोळ दुरुस्तीच सुचवली होती. कुंडमळ्याचा पूल धोकादायक असल्याचं माहीत होतं, तसा फलक होता, तरी माणसं पुलावर होती. अमेरिकेत मिनियापोलिसचा आय-३५ डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ ला पडून १३ माणसं गेली. त्याच्या तुळया एकमेकींना जोडणारे पोलादी जोडपत्रे हवे त्याच्या निम्म्या जाडीचे होते आणि ते वाकलेले असल्याचं काही वर्षांपूर्वीच्या फोटोंमध्येही दिसत होतं. त्या जागी २००८ मध्ये जो नवा पूल झाला त्यात तीनशेहून अधिक सेन्सर आहेत. ते चांगलंच झालं. पण या तिन्ही ठिकाणी पुलाबद्दलची माहिती कोणाच्या ना कोणाच्या हाती होती किंवा डोळ्यांसमोर होती, हे विसरून फक्त सेन्सरची संख्या मोजत बसलो तर आपण काहीच शिकलो नाही.

नागपुरात आपण फार मोठ्या रचना उभ्या केल्या आहेत. वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो, अशी ३.१४ किलोमीटरची सलग रचना आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिची गिनीज विक्रमात नोंद झाली, मलाही अभिमान वाटला. कामठी रोडवर तशीच दुसरी आहे. या शहरात महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, रस्ते विकास महामंडळ, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि महामेट्रो या सगळ्यांचे पूल आहेत. एखाद्या उड्डाणपुलाखालून रोज जाणाऱ्या माणसाला विचारा, हा कोणाचा? त्याला सांगता येणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. २०१६ पासून केंद्राची पूल व्यवस्थापन प्रणाली आहे, पुलांना क्रमांक आहेत, श्रेणी आहेत. मग तो क्रमांक, ती श्रेणी आणि शेवटच्या तपासणीची तारीख पुलाखालच्या खांबावर रंगवायला काय हरकत आहे?

माझी मागणी टेंडरच्या कागदाबद्दल आहे, कारण पुलाचं पुढचं आयुष्य तिथे ठरतं. सेन्सर पुरवणे व बसवणे, एवढी एक ओळ लिहून भागणार नाही. वाचनं रोज कोण पाहणार, त्या अधिकाऱ्याचं पद लिहा. कोणता आकडा ओलांडला की वेग कमी करायचा, कोणता ओलांडला की अवजड वाहनं थांबवायची आणि कोणता ओलांडला की बॅरिकेड लावून पूल बंदच करायचा, हे तीन टप्पे आणि त्यांचे सुरुवातीचे आकडे पूल खुला होण्याआधी ठरवून जाहीर करा. बंद करण्याचा अधिकार जागेवरच्या अभियंत्याला द्या, त्याला मुंबईच्या फोनची वाट पाहायला लावू नका. आणि त्याने सद्भावनेने बंद केलेला पूल नंतर धड निघाला तर त्याच्यावर कारवाई होणार नाही, हे लेखी द्या. हे शेवटचं मी फार जोर देऊन सांगते. एकदा घाबरवलेला माणूस दुसऱ्यांदा सांगत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अभियंता झाला म्हणून तो वेगळा नसतो.

कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे दोष निघाला तर तो त्याने दुरुस्त करून देण्याची मुदत, संपला की वाचनं साठवणाऱ्या डेटा लॉगरची बॅटरी बदलायलाही कोणी राहत नाही, असं होऊ देऊ नका. पूल अनेक दशकं उभा राहायचा असतो, त्याच्या कानांची सोय पहिल्या काही वर्षांपुरती करून काय उपयोग? देखभालीचा निधी पुलाच्या खर्चातच वेगळा काढून ठेवावा. आणि वाचनं लोकांना दिसू द्या. कच्चे आकडे सामान्य माणसाला कळणार नाहीत म्हणून ती लपवण्याची गरज नाही. ज्यांना कळतात असे लोक या शहरात भरपूर आहेत. व्हीएनआयटीसारखी संस्था इथेच आहे, अभियांत्रिकीची इतर महाविद्यालयं आहेत. आपल्याच शहराच्या पुलाचं खरं वाचन हातात आलं तर तिथल्या मुलामुलींना प्रोजेक्टसाठी बनावट आकडे लागणार नाहीत. आयटीआयमध्ये एनडीटीचे वर्ग वाढले तर पॅनेल आणि पूल दोन्ही तपासणारे हात इथेच तयार होतील. मुलींनी या कामात यावं असं मला विशेष वाटतं. चिकाटी आणि कान लागतो, दंडाची ताकद लागत नाही.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. पावसाळ्यापूर्वी नालेसफाईचा आढावा आपण दरवर्षी छापता. त्याच्या शेजारी या सगळ्या यंत्रणांना चार प्रश्न विचारून त्यांची उत्तरं छापावीत. तुमच्या ताब्यात शहरातले कोणते पूल आहेत? त्यांपैकी कशावर सेन्सर आहेत आणि आज त्यांतले किती चालू आहेत? गेल्या वर्षी त्यांनी कोणता इशारा दिला? आणि त्या इशाऱ्यावर कोणी, कोणत्या तारखेला काय केलं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुधा लगेच मिळतील. तिसरा आणि चौथा आपण सोडू नयेत, ही कळकळीची विनंती. कोणत्याही महाविद्यालयाला किंवा आयटीआयला अशी वाचनं कशी पाहायची, टॅप टेस्ट कशी ऐकायची हे मुलांना शिकवायचं असेल तर मी विनामोबदला येईन. माझी हातोडी अजून माझ्याजवळ आहे आणि कानही शाबूत आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त एनडीटी निरीक्षक,
खामला, नागपूर